बोर्ड घ्या, कार्डं राहू द्या (आठवीच्या चलनासाठी)

एम.जी. रोडजवळच्या एका स्टेशनरीवाल्याकडून मुलीसाठी मॅग्नेटचा ग्राफ बोर्ड घेतला, साडेतीनशेला. सोबत टिकल्या, रबरी दोरी आणि टेबलांची (आकड्यांच्या तक्त्यांची) कार्डं. स्टेट बोर्डाला आठवीत 'चलन' धडा आहे ना, समचलन (एक दुप्पट तर दुसरंही दुप्पट) आणि व्यस्त चलन (एक दुप्पट तर दुसरं निम्मं), त्यासाठी.

बोर्ड भारी आहे. द्राक्षांचा भाव घेतला, 2 किलो 160, 3 किलो 240, 5 किलो 400. कुठेही पैशांना किलोंनी भागा, 80च येतात. टिकल्या लावून दोरी ताणली की सगळ्या एका रेषेत आणि दोरीचं टोक शून्यात. मग म्हटलं समज 5 किलो घेतले म्हणून फळवाल्या भाऊने 375 लावले, तर ती टिकली दोरीच्या खाली आली, भागाकार 75. पोरगी स्वतःच म्हणाली, "मग हे समचलन नाही राहिलं."

कार्डं मात्र डोकं न वापरता बनवलीत. जवळपास सगळ्या टेबलांत वरती 1, 2, 3, 4 असंच, त्यामुळे मुलं भागाकार करतच नाहीत, खालचा आकडा सारखा वाढतोय ना बघतात आणि टिक करून मोकळी. आता रिक्षा घ्या, समजा बसायचे 20 आणि पुढे किलोमीटरला 15, म्हणजे 35, 50, 65. दरवेळी 15च वाढतात, रेषही एकदम सरळ येते, पण भागाकार 35, मग 25, मग 22 पण नाही, आणि दोरी मागे ओढली तर शून्यात न जाता 20 वर जाऊन टेकते. नुसती सरळ रेष असून पुरत नाही, शून्यातून जायला पाहिजे, अख्ख्या धड्याची मेख इथेच आहे आणि कार्डांत असं एकही उदाहरण नाही!

त्यात कळस म्हणजे बोर्डाच्या कोपऱ्यात दोन्ही अक्षांना 1 छापलंय, शून्यच गायब 😅 आम्ही पांढरी पट्टी चिकटवून आकडे नव्याने लिहिले. घेतल्या घेतल्या हे आधी करा, नाहीतर वरचं सगळं फुकट.

व्यस्त चलनाला दोरी कामाची नाही. बाग छाटायला 6 मजुरांना 10 दिवस, 12 ना 5, 15 ना 4, गुणाकार 60च, पण आलेख वाकडा जातो आणि दोरी काही वाकत नाही, तिथे मार्करनेच काढा.

टिकल्या हरवल्या तर तिथेच सुट्या मिळतात. कार्डं नकोत, थोडे कमी करा असं मी विचारलं होतं, दुकानदार नुसता हसला. तुम्ही विचारून बघा.