कर्जाबरोबर गळ्यात पडणारा विमा: सही करण्याआधी कव्हरचा तक्ता मागा

कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक पान बऱ्याचदा सरकवलेले असते, ते कर्ज संरक्षण विम्याचे. कर्जदार दगावला, आजारपणाने घरी बसला किंवा त्याची नोकरी गेली, तर हप्ते किंवा उरलेले कर्ज विमा कंपनी भरेल असे त्यात लिहिलेले असते. मूळ कल्पना चांगलीच आहे. १९१७ मध्ये अमेरिकेत आर्थर मॉरिस यांनी असा विमा सुरू केला, तो कर्जदारामागे त्याचे कर्ज दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. आज जे विकले जाते त्याबद्दल आमचे मत असे: मृत्यूचे कव्हर काही जणांना खरोखर उपयोगी आहे, नोकरीचे कव्हर फार थोड्यांना, आणि एकरकमी प्रीमियम कर्जातच मिसळून दिला जाणारा प्रकार कुणीही घेऊ नये.

या शेवटच्या प्रकाराचा हिशेब आधी करू. ५ लाखांचे कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता बसतो ११,१२२. विम्याचा प्रीमियम २०,००० असेल आणि तो कर्जातच वाढवला, तर हप्ता होतो ११,५६७. विकणारा एवढेच सांगतो: महिन्याला फक्त ४४५ जास्त. पण ४४५ गुणिले ६० म्हणजे २६,७००. विमा २०,०००चा आणि त्यावरचे व्याज ६,७००. शिवाय मंजुरीपत्रावर कर्जाची रक्कम ५,२०,००० दिसते आणि हातात येतात ५ लाखच. मंजूर रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक प्रक्रिया शुल्कापेक्षा जास्त असेल, तर विमा आत मिसळला आहे का ते विचारा.

हा प्रीमियम जातो कुठे? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ज्या प्रकरणाचा निकाल दिला, त्यात ३४,००० पौंडांच्या कर्जावर ५,७८० पौंडांचा प्रीमियम चढवला होता आणि त्यातले ७१.८ टक्के कमिशन होते. कर्ज १० वर्षांचे, विमा मात्र ५ वर्षांचा! चुकीच्या पद्धतीने विकलेल्या अशा विम्यांपोटी ब्रिटनमधल्या बँका आणि वित्तसंस्थांना ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०१९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा ग्राहकांनी भरलेल्या प्रत्येक डॉलरमागे दाव्यांतून सरासरी १९ सेंट परत आले होते. क्रेडिट कार्डावरच्या विम्यात तर ११ सेंटच. कार्डावरच्या विम्याची आणखी एक अडचण आहे. त्यात बऱ्याचदा फक्त किमान देय रक्कम भरली जाते. तिचा मोठा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल जवळपास तसेच राहते.

आता खरा मुद्दा. हा विमा बहुतेक वेळा घटत्या कव्हरचा असतो. कर्ज कमी होते तसे कव्हरही कमी होते, पण ते पहिल्या दिवशी छापलेल्या तक्त्याप्रमाणे, तुमच्या खात्यातल्या खऱ्या बाकीप्रमाणे नाही. वरच्या उदाहरणातले ५ लाखांचे कर्ज प्रीमियम न मिसळता धरले, तर ३ वर्षांनी कव्हर साधारण २,३६,००० उरते. तोपर्यंत एकही हप्ता चुकला नसेल, तर कर्जही तेवढेच असते. दोन-चार हप्ते थकले असतील, तर थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज व दंड कव्हरच्या बाहेर राहते आणि ते घरच्यांना भरावे लागते. व्याजदर बदलता असेल आणि दर वाढल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली असेल, तर विमा आधी संपतो, कर्ज मागे उरते. जोडीने घेतलेल्या कर्जात विमा अनेकदा एकाच्याच नावावर असतो आणि ते दुसऱ्याला माहीतही नसते. म्हणून माहितीपत्रकावर समाधान मानू नका. विमा प्रमाणपत्र आणि कव्हरचा महिनावार तक्ता मागून घ्या, आणि दर वर्षी तो कर्जखात्याच्या उताऱ्याशी ताडून बघा.

आजारपणाच्या कव्हरमध्ये ‘३० दिवसांचा प्रतीक्षा काळ’ या शब्दांचे दोन अर्थ निघतात. एका प्रकारात ३० दिवस उलटले की पहिल्या दिवसापासूनचे पैसे मिळतात, दुसऱ्यात फक्त ३१व्या दिवसापासूनचे. ४५ दिवसांच्या आजारपणात एकाला ४५ दिवसांची भरपाई, दुसऱ्याला १५ दिवसांची. कोणता प्रकार आहे हे लेखी घ्या. नोकरीचे कव्हर स्वतःचा धंदा असणाऱ्यांना, कंत्राटी कामगारांना आणि स्वतःहून राजीनामा देणाऱ्यांना सहसा लागू होत नाही. जिथे लागू होते, तिथेही ठरावीक महिन्यांचेच हप्ते मिळतात.

दावे अडकतात ते मुख्यतः आरोग्याच्या घोषणेवर. वैद्यकीय तपासणी नसते म्हणून विमा सोपा वाटतो. फॉर्म दुसराच कुणी भरतो, ‘कोणताही आजार नाही’ यापुढे खूण करतो आणि तुम्ही सही करता. दाव्याच्या वेळी जुनी केसपेपरं तपासली जातात. रक्तदाबाची रोजची गोळी लपवलेली निघाली, तरी दावा नाकारायला कारण मिळते. ती खूण स्वतःच्या हाताने करा, चालू असलेली औषधे लिहा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

तब्येत ठणठणीत असेल आणि वय कमी असेल, तर साधा टर्म विमा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, बहुधा स्वस्त पडतो. त्याचे कव्हर घटत नाही, पैसे थेट नॉमिनीला मिळतात आणि कर्ज दुसरीकडे हलवले तरी तो चालूच राहतो. ज्यांना वयामुळे किंवा आजारामुळे टर्म विमा मिळत नाही, त्यांच्यासाठी मात्र कर्जाबरोबरचे मृत्यूचे कव्हर कामाचे आहे. अट एकच, प्रीमियम दरमहा भरायचा असावा.

कर्ज मुदतीआधी फेडले, तर न वापरलेल्या काळाचा प्रीमियम परत मागता येतो का, ते अटींमध्ये बघा. तो मिळण्याजोगा असला तरी आपोआप येईलच असे नाही, लेखी अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी परतावा ‘७८च्या नियमा’ने काढतात, म्हणजे प्रीमियमचा जास्त वाटा सुरुवातीच्या महिन्यांत वापरला गेला असे धरतात. ६० महिन्यांच्या विम्यात ३० महिन्यांनी अर्धा नाही, तर साधारण २५.४ टक्केच प्रीमियम परत येतो, म्हणजे २०,०००पैकी सुमारे ५,०८०. घटत्या कव्हरला ही पद्धत बरीचशी रास्त आहे, कारण सुरुवातीला जोखीमही जास्त असते. कव्हर शेवटपर्यंत सारखेच असेल, तर मात्र तिथे दिवसांच्या प्रमाणातच परतावा मागा. कर्ज बंद झाल्याचे पत्र, विमा प्रमाणपत्र आणि रद्द केलेला चेक अर्जाला जोडा, आणि अर्ज कर्ज देणारी संस्था व विमा कंपनी या दोघांनाही एकाच दिवशी द्या.