तांबडी की पांढरी? कॅलिफोर्नियाच्या वाइन आणि आपलं जेवण : काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधी सांगून टाकतो, कारण लेख लांबणार आहे. आपल्या घरच्या जेवणासोबत कॅलिफोर्नियाची वाइन घ्यायची असेल, तर बहुतेक वेळा पांढरी घ्या. लालच हवी असेल तर धुक्याच्या, थंड भागातली घ्या. आणि नापा खोऱ्यातली भारी कॅबर्ने, म्हणजे इथली दाट लाल वाइन, रश्श्याच्या ताटाशेजारी आणू नका, ती वेगळी बसून प्यायची चीज आहे. या नियमाला एक सणसणीत अपवाद सापडला, तो पुढे येईलच.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधली चार मराठी घरं. गेले काही महिने साधारण पंधरवड्याने कुणा एकाकडे जमतो. एक पांढरी, एक लाल, दोन्ही बाटल्यांवर ब्राउन पेपरची पिशवी. आधी नुसती चव, मग जेवणासोबत, आणि उरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. बहुतेक बाटल्या १५ ते ४० डॉलरमधल्या. त्यावरच्या घेतल्या त्या वर्गणी काढून. आमच्यात एक वहिनी निफाडकडच्या, माहेरी द्राक्षबाग. वाइन त्या दोन घोटांपलीकडे घेत नाहीत, पण त्यांच्या नाकापुढे आमच्यापैकी कुणाचं काही चालत नाही.

पहिली कामाची गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. खायची द्राक्षं नाशिककडे साधारण १७-१८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप, ढोबळमानाने टक्के) साखर भरली की काढतात. नापामध्ये कॅबर्नेचे घड २५ ब्रिक्सच्या आसपास येईपर्यंत वेलीवर ठेवलेले असतात. मणी बारीक, साल जाड, आत बियाच बिया, आणि साखर एवढी. या साखरेच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अल्कोहोल तयार होतं, म्हणजे २५ ब्रिक्सला साडेचौदा टक्के. बाटलीवर १४.५ लिहिलेलं असतं ते इथून येतं. त्यातही गंमत अशी की अमेरिकेच्या नियमाप्रमाणे १४च्या वरच्या वाइनला छापील आकड्यात एक टक्का इकडेतिकडे चालतो. १४.८ छापलेली बाटली प्रत्यक्षात साडेपंधराची असू शकते.

आपल्याला याचं काय? मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या एकाच यंत्रणेला डिवचतात. त्यामुळे मिरचीवर पंधरा टक्क्यांची वाइन घेतली की आग विझत नाही, भडकते. लाल असेल तर त्यावर टॅनिनचा तुरटपणा चढतो. हे टॅनिन सालीतून आणि बियांतून येतं. लाल द्राक्षाचा रससुद्धा बहुतेक वेळा जवळजवळ बिनरंगाचाच असतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून रंग आणि तुरटपणा उतरतो, पांढरीचा रस आधीच पिळून वेगळा काढतात. एका बैठकीला मटणाचा तांबडा रस्सा आणि नापाची कॅबर्ने समोरासमोर ठेवली होती. रस्साही बिघडला आणि बाटलीही. त्याच रश्श्यासोबत साडेबारा टक्क्यांची शेनिन ब्लां ही पांढरी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत गेली.

म्हणून दुकानात आता मी द्राक्षाच्या नावाआधी अल्कोहोलचा आकडा बघतो आणि मग गावाचं नाव. गाव का, तर इथला नकाशा उलटा आहे. आपल्याला वाटतं उत्तरेकडे गेलं की गारवा वाढणार. नापाच्या खोऱ्यात दक्षिणेचं कार्नेरोस थंड आणि उत्तरेचं कॅलिस्टोगा गरम. कारण पॅसिफिकचं पाणी थंडगार, आतला मोठा सपाट प्रदेश दुपारी तापतो, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरचं धुकं डोंगरांतल्या फटींतून आत ओढलं जातं. सॅन पाब्लो उपसागराच्या कडेला कार्नेरोस, म्हणून त्याला पहिला वाटा. शेजारच्या सोनोमात हेच काम पेटालुमाजवळची खिंड करते, आणि रशियन रिव्हर खोऱ्यात तर सकाळी उशिरापर्यंत धुकं बसलेलं असतं. धुकं असलं की आंबटपणा टिकतो, साखर सावकाश भरते. तोंडी लावायला जे काम आपल्याकडे लिंबाची फोड करते, ते पांढऱ्या वाइनमध्ये हा आंबटपणा करतो.

आता शार्डने, पांढऱ्या द्राक्षाची एक जात. ‘कॅलिफोर्नियाची शार्डने म्हणजे लोणी’ हे इतकं ऐकलं होतं की मी ती मुद्दाम टाळत होतो. लोण्याचा वास येतो हे खरंच आहे. आंबवणं संपल्यावर काही जिवाणू वाइनमधल्या तीव्र मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या कामात डायअॅसिटाइल तयार होतं, जे खऱ्या लोण्यातही असतं. वर ओकच्या नव्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास. पण ही प्रक्रिया करायची की थांबवायची हे वाइन करणाऱ्याच्या हातात असतं. आम्ही ‘रोम्बावर’ या वायनरीची कार्नेरोस शार्डने आणि ‘शातो माँटेलेना’ या दुसरीची नापा शार्डने शेजारी ठेवल्या. पहिली अगदी त्या लोणी-व्हॅनिला घराण्यातली. दुसरीवर ही प्रक्रिया करतच नाहीत, त्यामुळे ती ताठ, सफरचंदाच्या आंबटपणाची. पिशव्या काढेपर्यंत दोन्ही एकाच द्राक्षाच्या आहेत हे टेबलावर कुणालाही पटलं नाही. मतं तंतोतंत निम्मी-निम्मी पडली, आणि वाद जेवण वाढेपर्यंत चालला.

माँटेलेनाचा उल्लेख आला की पॅरिसचा किस्सा कुणीतरी काढतंच. २४ मे १९७६ला स्टीव्हन स्परियर या इंग्रज विक्रेत्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना नावं झाकून वाइन पाजल्या. पांढऱ्यांत माँटेलेनाची १९७३ची शार्डने पहिली आली, लालांत स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची कॅबर्ने. किस्सा झकास आहे, पण त्या जोरावर आजची बाटली विकत घेऊ नये. पन्नास वर्षांत द्राक्षं जास्त पिकवायची पद्धत आली आणि अल्कोहोल चढलं. त्या चवीचा आजच्या बाटलीशी संबंध असेलच असं नाही.

लोण्याच्या शार्डनेचं आपल्याकडे काम आहे, पण एकाच ठिकाणी : नारळाच्या दुधात. पांढरा रस्सा, कमी तिखटाचं कोळंबीचं कालवण, अगदी मऊ वरणभात-तूप. तळलेल्या सुरमईवर ती जड होते. तिथे सॉव्हिन्यों ब्लां ही दुसरी पांढरी. हिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा एक वास असतो, पायराझिन नावाच्या संयुगाचा. कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू असलेल्या कशाहीसोबत तो जुळून जातो. कोथिंबीर वडी आणि सोनोमाची सॉव्हिन्यों ब्लां ही आमची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी जोडी. बाटलीवर ‘फ्युमे ब्लां’ दिसलं तर घाबरू नका. १९६०च्या दशकाच्या शेवटी या द्राक्षाची वाइन खपत नव्हती, तेव्हा रॉबर्ट मोंडावींनी हे नवं नाव काढलं. द्राक्ष तेच.

हाच वास कधीकधी कॅबर्नेतही येतो, आणि तो योगायोग नाही. कॅबर्ने सॉव्हिन्यों हे कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लां यांचं आपोआप झालेलं अपत्य आहे, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बावर्स यांनी १९९०च्या दशकात डीएनएवरून दाखवलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित तांबडीच्या आईबापांपैकी एक पांढरी. वहिनींनी हा वास न सांगता ओळखला होता : ‘‘या दोघींत काहीतरी एक आहे.’’

कॅबर्नेबद्दल मी वर कडक बोललो, ते फक्त ताटापुरतं. टॅनिनला प्रथिनं आणि चरबी हवी असते, मसाला नको. अंगणात निखाऱ्यावर नुसतं मीठ-मिरपूड लावून भाजलेले मटणाचे तुकडे, किंवा जुनं चीज, याच्यासोबत तीच वाइन रेशमी लागते. दुसऱ्या दिवशी ती आणखी उघडते, तेव्हा संपवायची घाई करू नका. फक्त ‘नापा व्हॅली’ या दोन शब्दांसाठी किती मोजायचे याची मर्यादा आधी ठरवा. लेबलवर ते नाव टाकायचं तर किमान ८५ टक्के द्राक्ष तिथलंच लागतं, त्यामुळे जमिनीच्या किमतीसकट सगळा भार बाटलीवर येतो. त्याच पैशात पासो रोब्लेसची किंवा अलेक्झांडर व्हॅलीची चांगली कॅबर्ने येते आणि बरेचसे सुटे परत मिळतात.

लालांतली पिनो न्वार ही आमच्याकडची छुपी रुस्तम. रंग फिका, टॅनिन कमी, आणि मातीचा, ओल्या पाल्याचा एक वास. रशियन रिव्हरची पिनो आणि गोड्या मसाल्यातली भरली वांगी. दगडफुलाचा वास आणि हा वास एकमेकांना इतके ओळखीचे निघाले की त्या दिवशी मटण बाजूला राहिलं. फ्रिजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवून मगच उघडा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा आहे. जुलैमधल्या फ्रीमाँटच्या खोलीत तिचा काढा होतो.

मर्लो या आणखी एका लालबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाईट नव्हती, पण कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

आता तो अपवाद. झिनफँडेल, हीसुद्धा लालच. नियमाने पाहिलं तर हिने सपशेल नापास व्हायला हवं होतं. अल्कोहोल साडेचौदाच्या पुढे, फळ पिकलेलं, एका घडात काही मणी मनुका झालेले तर काही अजून कच्चे. बरीच वर्षं इथे ती कॅलिफोर्नियाची स्वतःची मानली जायची. मूळ क्रोएशियातलं, हेही डीएनएनेच ठरवलं. लोडाय आणि सोनोमात हिच्या शंभरी ओलांडलेल्या वेली अजून फळ देतात. आम्ही घेतली ती रिज व्हिनयार्ड्सची गायझरव्हिल. तिच्या लेबलवर द्राक्ष म्हणून ठळकपणे झिनफँडेल लिहिलेलं नसतं, कारण एकाच द्राक्षाचं नाव लावायला किमान ७५ टक्के ते द्राक्ष लागतं आणि इथे कारिन्यान, पेटिट सिरा असे शेजारी मळ्यातच एकत्र वाढलेले असतात.

त्या दिवशी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातलं कोंबडीचं सुकं होतं, तिखट बेताचं. पहिल्या घोटातच सगळ्यांच्या तोंडून निघालं, खोबरं! रिजवाले पूर्वीपासून अमेरिकन ओकची पिंपं वापरतात, आणि अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची संयुगं जास्त असतात, ज्यांचा वास सरळ नारळासारखा येतो. आपल्या वाटणात ज्याचा शोध घ्यावा तेच लाकडातून आलेलं. हा अपवाद तिखट वाढवलं की मोडतो, तेही करून पाहिलं. पण काळा मसाला आणि खोबरं असलेल्या, मिरचीवर हात राखलेल्या कोणत्याही पदार्थावर मी आज डोळे मिटून ही बाटली उघडेन. रिजचं मूळ ठाणं क्युपर्टिनोच्या वर माँटे बेलोच्या डोंगरावर आहे. नापाला तासन् तास गाडी हाकण्याआधी आपल्या बे एरियाच्या मंडळींनी तिथे जाऊन यावं.

एक इशारा, तोही लालपुरताच. २०२०च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नापा-सोनोमात वणवे लागले. धुराची संयुगं सालीत मुरतात, आणि लाल वाइन सालीसकट आंबते. नापातल्या कितीतरी मळ्यांनी त्या वर्षीची कॅबर्ने काढलीच नाही. एका मित्राने सवलतीत मिळाली म्हणून त्या सालची एक लाल आणली होती. घोट गेल्यावर मागे विझलेल्या चुलीची राख राहायची. त्याच सालच्या पांढऱ्या आम्हाला स्वच्छ मिळाल्या, कारण त्यांची तोडणी लवकर होते आणि साल लगेच वेगळी निघते.

टेस्टिंग रूमबद्दल विचारणाऱ्यांसाठी : नापात आधी वेळ घ्या, आणि माणशी पन्नास डॉलर किंवा जास्त लागतील हे धरून चला. लोडाय आणि लिव्हरमोर त्यामानाने खिशाला सोसतात, आणि ओतणारा माणूस गप्पाही मारतो.

नाशिकशी तुलना व्हायचीच. नाशिकच्या सुला वायनरीचे राजीव सामंत इथल्याच ऑरॅकलमधली नोकरी सोडून परतले होते, आणि त्यांना वाइन करायला मदत केली ती सोनोमाच्या केरी डॅम्स्की यांनी. त्यामुळे नाशिकच्या सॉव्हिन्यों ब्लांमध्ये ओळखीचं काही सापडलं तर नवल नाही. मात्र तिथे ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी आणि थंडी संपता संपता तोडणी, इथे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. इतक्या वेगळ्या हवेत आमच्या वहिनींचं मत नाशिकच्या पांढऱ्यांच्या बाजूने आणि इथल्या लालांच्या बाजूने पडलं. माझंही तेच.

सध्या घरात काय आहे ते सांगतो : ड्राय क्रीक व्हिनयार्डची क्लार्क्सबर्गच्या द्राक्षांची कोरडी शेनिन ब्लां, रोजच्यासाठी, एक-दोन सोनोमाच्या सॉव्हिन्यों ब्लां, पाहुण्यांसाठी पिनो, आणि खोबऱ्याच्या दिवसासाठी गायझरव्हिल. भारतात दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. डिसेंबरात जाताना एक शेनिन आणि एक गायझरव्हिल नेणार आहे. कॅबर्ने मागणाऱ्या मामेभावाला तसं कळवलंय, आणि तो नाराज आहे.