कारखान्याच्या नोटिसा आणि एआय: काही महिने वापरल्यावर

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआर सांभाळते. कायम कामगार, ठेकेदाराची माणसं, ट्रेनी असा सगळा मेळ आहे. गेल्या पावसाळ्यात कंपनीने एआयचं पैसे भरून घेतलेलं खातं दिलं, तेव्हापासून नोटिसा, परिपत्रकं, मेल यांसाठी ते वापरतेय. मेल झटपट लिहून मिळतो हे सगळेच सांगतात, त्यावर वेळ घालवत नाही.

मला त्याचा खरा उपयोग झाला तो लिहायला बसण्याआधी. पाळ्यांच्या वेळा अर्धा तास पुढे न्यायच्या होत्या. मसुदा मागण्याऐवजी मी विचारलं, ही नोटीस बोर्डावर लागली की सेकंड शिफ्टचा कामगार पहिल्यांदा काय विचारेल? बायका काय विचारतील? ठेकेदार काय विचारेल? भराभर प्रश्न आले. निम्मे फालतू होते. पण राजगुरूनगरची बस किती वाजता सुटणार, उशिरा सुटणाऱ्या बायकांना घरापर्यंत गाडी आहे का, बदलाच्या दिवशी जास्त थांबावं लागलं तर ओव्हरटाइम धरणार का, हे प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कोणी काढलेच नव्हते. आधी त्यांची उत्तरं ठरवून घेतली, मग नोटीस आठ ओळींत बसली.

मसुद्यात मात्र त्याने परस्पर 'येत्या सोमवारपासून लागू' असं घातलं होतं. तारीख मी दिलीच नव्हती. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या लेखी नियमांत, बसत नसलेला पाळीतला बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तरी एआय अधूनमधून जुन्या, १९४८ च्या कारखाने अधिनियमाची कलमं खुशाल टाकतं, आणि तेही इतक्या ठामपणे की नवखा माणूस फसावा. आता कायद्याचं कलम किंवा तारीख आली की सल्लागारांनी पाहिल्याशिवाय कागद पुढे जात नाही.

दुसरी खोड आश्वासनांची. 'आपल्या सर्व अडचणींचे तातडीने निराकरण करण्यात येईल' हे वाक्य हमखास येतं. सहीशिक्क्याने असा कागद गेला की युनियन पुढच्या बैठकीत तोच टेबलावर ठेवणार, आणि का ठेवू नये? कँटीनचे दर वाढल्याची नोटीस तर त्याने 'कळविण्यास आनंद होत आहे' अशी सुरू केली होती. ती लागली असती तर जेवणाच्या सुट्टीत माझी काही धडगत नव्हती.

ठेकेदाराच्या माणसांसाठी हिंदी आणि ओडिया मजकूर लागतो. हिंदी आम्ही तपासू शकतो. ओडिया ऑफिसात कुणालाच वाचता येत नाही, म्हणून लाइनवरच्या ओडिशाच्या दोन मुलांना तो वाचायला देतो आणि काय समजलं ते हिंदीत सांगायला लावतो. सुरक्षेच्या सूचनांना तर हे हवंच.

काय टाकायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात लिहून काढलं: नावं, पगार, आजारपणाचे दाखले, शिस्तभंगाची प्रकरणं. लैंगिक छळाच्या तक्रारीतली एकही ओळ नाही, मेलची भाषा सौम्य करून घ्यायलासुद्धा नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीतला मजकूर उघड करायला मनाई करतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत चिकटवला होता. त्यानंतर कंपनीने अशा साधनांवर बंदीच घातली. आमच्याकडे बंदी नाही, पण फुकटची खाती वापरायची नाहीत असं ठरलंय.

शोकसंदेशही एआयकडे द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना धीर देणारा मेल पाठवला. खाली तळाशी चॅटजीपीटीचा आधार घेतल्याची नोंद होती. विद्यार्थी संतापले आणि कार्यालयाला माफी मागावी लागली. नोंद प्रामाणिक होती, पण तसला मेल मुळात तिथून यायलाच नको होता. आमच्याकडे एखादा कामगार गेला तर त्याच्या घरी जाणारं पत्र त्याचा सुपरवायझरच लिहितो. दोन ओळी का असेनात.

नोटिशीखाली 'एआयच्या मदतीने' असं लिहावं का, यावर आमच्यात बराच वाद झाला. मला ते पळवाट वाटतं. ज्याची सही, त्यानेच ती नोटीस पाळी सुरू होताना उभ्याने वाचायची आणि प्रश्न घ्यायचे, असं ठरवलं. त्यापासून मसुदे आपोआप लहान झाले.

मेलचं मात्र उलट झालंय. 'उद्या मीटिंग ११ वाजता' एवढ्यासाठी साहेब लोक तीन परिच्छेद पाठवतात, आणि वाचणारा त्याच एआयकडून त्याचा सारांश काढून घेतो!

वर्षाचं नूतनीकरण आता आलंय. सगळ्या विभागप्रमुखांना खाती द्यायचा प्रस्ताव होता. मी एचआर आणि सेफ्टी, अशी दोनच मागितली आहेत. सुपरवायझरांना नकोत. त्यांचा निरोप आजही तोंडीच जातो आणि लोकांना तो बरोबर कळतो.