घरगुती उबवणी मशीन: घ्या, पण खुडूक कोंबडी विकू नका

लांज्याला आमच्या घरी गावठी कोंबड्या आहेत आणि जोडीला ४८ अंड्यांचं ऑटोमॅटिक मशीन वापरतोय, त्याबद्दल लिहिते. विकणारे सांगतात अंडी ठेवा नि २१ दिवस विसरून जा, तर तसं विसरायचं काम हे अजिबात नाहीये.

आधी चांगलं सांगते. अंडी फिरवायची कटकट गेली. मोटर ठराविक वेळाने ट्रे हलवते, हाताने करायचं तर दिवसातून निदान तीन वेळा आणि एकही दिवस न चुकता करावं लागतं, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. आत पंखा आहे म्हणून सगळीकडे ऊब सारखी मिळते. आणि मुख्य म्हणजे कोंबडी कधी खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसायला लागते, त्याची वाट बघायला लागत नाही. आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) सारख्या अंड्यांच्या जाती तर खुडूक क्वचितच होतात, त्यांची पिल्लं हवीत तर मशीन तरी पाहिजे नाहीतर गावठीच्या पोटाखाली अंडी ठेवायला पाहिजेत.

आता डिस्प्लेचं. त्यावर ३७.५ डिग्री दिसतं म्हणून आत तेवढंच असेल असं धरू नका, आमच्याकडे चांगलाच फरक निघाला. वेगळा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून बघा आणि मग सेटिंग करा. थोडं कमी पडलं तर पिल्लं उशिरा निघतात, जास्त झालं तर लवकर निघतात पण बेंबी नीट मिटलेली नसते आणि अशी पिल्लं जगत नाहीत. मला विचाराल तर या किमतीत एवढं तरी बरोबर द्यायलाच पाहिजे होतं.

पाण्याचं माहितीपत्रकात दिलंय ते सगळीकडे लागू पडत नाही. पहिले १८ दिवस आर्द्रता ५०-५५ टक्के हवी, कोकणात पावसाळ्यात हवेतच एवढी ओल असते की आम्ही पाण्याची खाच कोरडी ठेवतो, तेच विदर्भात उन्हाळ्यात रोज पाणी बघावं लागेल. शेवटचे तीन दिवस मात्र ६५-७० हवी, तेव्हा पाणी भरायचं, फिरवणं बंद करायचं आणि झाकण अजिबात उघडायचं नाही, कितीही चिवचिव ऐकू आली तरी. लाईट गेली तरी झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका पण हवेची भोकं मोकळी ठेवा. घेताना १२ व्होल्ट बॅटरीची वायर असलेलंच घ्या, आमच्याकडे पावसात लाईटचा भरवसा नसतो.

पण खरी मेहनत पिल्लं निघाल्यावर सुरू होते आणि त्याबद्दल विकणारा कोणी बोलत नाही. मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी करत जायचं, म्हणजे बल्ब, तूस, खोका आणि रात्री उठून बघणं आलंच. कोंबडी हे सगळं स्वतः करते, वाळवी उकरून चारते, घार दिसली की आवाज देते आणि सगळी पिल्लं पंखाखाली. हे कुठलंही मशीन देणार नाही.

म्हणून आम्ही दोन्ही एकाच दिवशी लावतो. कोंबडीखाली दहा-बारा अंडी, खाली राख आणि कडुलिंबाचा पाला म्हणजे उवा कमी होतात, बाकीची अंडी मशीनमध्ये. दोन्हीकडे पिल्लं निघाली की मशीनमधली रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची, सकाळी ती सगळ्यांना आपलीच समजून फिरवते. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत, मोठी झाली की ना ती तिच्यामागे जातात ना ती त्यांना घेते, उलट टोचते. आणि ती पंखाखाली घेऊ शकेल तेवढीच द्या, पावसात बाहेर राहिलेलं पिल्लू गारठून जातं.

नुसती घरापुरती पाच-दहा पिल्लं हवी असतील तर मशीनवर पैसे घालू नका, शेजारपाजारची खुडूक कोंबडी मागून आणा. विकायला करत असाल तर घ्या. दुकानातली पिंजऱ्याची अंडी मात्र ठेवू नका, तिथे कोंबडा नसतो त्यामुळे काही निघणार नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली, फ्रीजमध्ये न ठेवलेली अंडी घ्या. आणि पहिल्या आठवड्यात लासोटाची, म्हणजे राणीखेत (मानमोडी) रोगावरची लस, ती पिल्लं मशीनची असोत की कोंबडीची, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.