ओव्यांची यादी आणि अँड्रॉइडची रूम लायब्ररी

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्या फोनवर टिपून घेण्यासाठी मी एक लहानसे अँड्रॉइड ॲप लिहिले. वर मजकुराची चौकट, शेजारी ‘जतन करा’ हे बटण आणि खाली ओव्यांची यादी, एवढेच त्याचे स्वरूप आहे. यासाठी मी गूगलची रूम ही लायब्ररी (ॲपमधली माहिती फोनवरच्या डेटाबेसमध्ये साठवण्यासाठीचा तयार कोड) निवडली. वर्षभराच्या वापरानंतर, मराठी मजकूर साठवणाऱ्याच्या दृष्टीने ती कशी आहे, ते येथे नोंदवतो.

पहिल्या प्रयत्नात मी सगळ्या ओव्या शेअर्डप्रेफरन्सेस या अँड्रॉइडच्या छोट्या नोंदी ठेवण्याच्या सोयीत स्ट्रिंगसेट, म्हणजे मजकुरांचा संच, म्हणून ठेवल्या होत्या. सेटमध्ये नोंदींचा क्रम टिकत नाही आणि हुबेहूब सारखी ओवी दुसऱ्यांदा साठत नाही. त्यामुळे कोणती ओवी कोणत्या ओवीनंतर म्हटली गेली, हे यादीतून कळेनासे झाले. 2017 साली आलेली रूम एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसवर उभी असल्याने प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि हा प्रश्न उरत नाही. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, रकान्याचे नाव चुकले, तर कोडपासून ॲप तयार (बिल्ड) होतानाच चूक दिसते. लिहिणाऱ्याने मजकुरात अवतरणचिन्ह टाकले, तरी मूल्य क्वेरीपासून वेगळे पाठवले जात असल्याने काहीही मोडत नाही. क्वेरीचा निकाल फ्लो (बदल होताच नवे मूल्य पाठवणारा प्रवाह) म्हणून घेतला की नवी ओवी जतन होताच यादी आपोआप ताजी होते. मात्र बदलाची दखल तक्त्याच्या पातळीवर घेतली जात असल्याने, यादीशी संबंध नसलेली ओळ बदलली तरी क्वेरी पुन्हा चालते, हे ध्यानात ठेवावे लागते.

खरी कसोटी वर्णक्रमाची आहे. एसक्यूलाइट मूळ स्वरूपात अक्षरांच्या संकेतांकांनुसार क्रम लावते आणि युनिकोड या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीत ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येत असल्याने ‘काळ’ हा शब्द ‘काशी’च्या आधी जातो; आपल्या शब्दकोशांत तो नंतर येतो. रूममध्ये रकान्याला लोकलाइज्ड हे कोलेशन (क्रम लावण्याचा नियम) देता येते, पण ते फोनच्या भाषेवर अवलंबून असते, आणि आपल्यापैकी कितीतरी जण फोन इंग्रजीतच ठेवतात. म्हणून मी शेवटी यादी हाती आल्यावर मराठी लोकेलचा (भाषेच्या सेटिंगचा) कोलेटर, म्हणजे भाषेनुसार क्रम लावणारे साधन, वापरून क्रम लावला. काही हजार ओळींपर्यंत हा उपाय मला पुरेसा वाटतो.

शोधाच्या बाबतीत तर अधिकच सांभाळावे लागते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन संकेतांकांनीही; डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ते निराळे असतात. दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून टिपलेल्या ओव्यांपैकी निम्म्याच सापडतात, तेव्हा ओवी हरवल्याचा भास होतो. जतन करण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी मजकूर नॉर्मलायझर या साधनाने एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक, एकसारख्या रूपात आणणे हा त्यावरचा नेमका इलाज आहे. रूम हे काम स्वतः करत नाही. लायब्ररीच्या मार्गदर्शनात याची ठळक सूचना हवी होती, असे माझे मत आहे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप फॉलबॅकटूडिस्ट्रक्टिव्हमायग्रेशन या सोयीला आहे. तक्त्याची रचना बदलली आणि जुनी माहिती नव्या रचनेत नेण्याचा, म्हणजे स्थलांतराचा, मार्ग लिहिलेला नसला, तर ती जुने तक्ते टाकून नवे बनवते. म्हणजे लोकांनी हाताने लिहिलेले सगळे जाते. शिकाऊ प्रोग्रामर चूक टाळण्यासाठी ही ओळ उचलतात आणि ती तशीच प्रकाशित ॲपमध्ये राहते. त्याऐवजी 2.4 या आवृत्तीपासून आलेले ऑटोमायग्रेशन (स्थलांतराचा मार्ग आपोआप तयार करणारी सोय) वापरावे. ओवीसोबत म्हणणारीच्या माहेरच्या गावाचे नाव नोंदवण्यासाठी मी नवा रकाना जोडला, तेव्हा स्कीमा फाइल (तक्त्यांच्या रचनेची नोंद) आधीपासून जपून ठेवलेली असल्याने केवळ डिफॉल्ट मूल्य आणि एक ओळ पुरली. आधीच्या सर्व ओव्या जागच्या जागी राहिल्या, आणि त्यांच्यापुढची गावांची रिकामी जागा आता एकेका घरी जाऊन मी भरत आहे.