मोलिब्डेनम वाढवावे की तांबे? खनिज मिश्रण निवडण्यापूर्वी

रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी मोलिब्डेनमयुक्त खनिज मिश्रण घ्यावे की तांबे वाढवलेले, हे ठरवायचे असेल, तर दोन्ही मूलद्रव्यांवर चालणारी विकरे (एन्झाइम) शेजारी ठेवून पाहावीत.

मोलिब्डेनमविना झँथिन ऑक्सिडेज, अल्डिहाइड ऑक्सिडेज आणि सल्फाइट ऑक्सिडेज ही विकरे काम करू शकत नाहीत. त्यांपैकी सल्फाइट ऑक्सिडेज मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या विघटनातून तयार होणारे घातक सल्फाइट ते निरुपद्रवी सल्फेटमध्ये बदलते. तरीही मोलिब्डेनमची गरज इतकी अल्प आहे की नेहमीच्या चाऱ्यातूनच ती भागते. मोलिब्डेनमची जागा घेणारे टंगस्टन देऊन उंदरांमधील सल्फाइट ऑक्सिडेजची क्रिया जवळजवळ बंद पाडली, तेव्हाही ते वरकरणी निरोगी राहिले. बाहेरून सल्फाइट दिल्यावर मात्र ते लवकर दगावले.

तांब्याचे तसे नाही. कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) गंधकापासून बनलेला सल्फाइड मोलिब्डेनमशी संयोग पावून थायोमोलिब्डेट तयार होते आणि ते तांब्याला असे जखडून ठेवते की चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही शरीराला मिळत नाही. मग केसांना रंग देणारे, तांब्यावर चालणारे टायरोसिनेज हे विकर मंदावते, काळ्या गाईचे केस तांबूस-करडे होतात, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिकट कडे उमटते आणि हगवण लागते. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या कुरणांवरील अशा हगवणीचे मूळ मोलिब्डेनममध्ये असल्याचे 1938 साली प्रसिद्ध झाले, आणि तेथे गुण आला तो तांब्याच्या क्षारानेच.

म्हणून आहारातील तांबे मोलिब्डेनमच्या दुपटीहून कमी असेल, तर गाईंसाठी तांब्याचीच बाजू घ्यावी. मेंढ्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. त्यांच्या यकृतात तांबे साचत जाते आणि एके दिवशी ते एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फुटतात. विशेषतः मोलिब्डेनम कमी असलेल्या चाऱ्यावर हा धोका वाढतो. अशा विषबाधेत पशुवैद्यक थायोमोलिब्डेटच औषध म्हणून वापरतात. डुकरांना कोठीपोट नसल्याने हा पेच त्यांच्यात फारसा उद्भवत नाही.

निर्णयापूर्वी चाऱ्यासोबत पाण्यातील गंधकही तपासून घ्यावे. केवळ रक्तातील तांब्यावर विसंबू नये, कारण थायोमोलिब्डेटला जखडलेले निरुपयोगी तांबेही त्या मोजणीत येते; यकृतातील साठा अधिक खरे सांगतो. मोलिब्डेनम फार असेल, तर खाद्यातून तांबे देण्यापेक्षा कोठीपोट टाळणारे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे.