जुनी गाडी, हाताने टाकायचं फोर-व्हील : चौदा महिन्यांनंतर

गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. इंधन आणि ऑइलच्या नोंदींसाठी सुरू केली होती, पण मागच्या पानावर मी दुसराच हिशेब मांडत गेलो. चौदा महिन्यांत फोर-व्हील, म्हणजे मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देणं, ३१ वेळा टाकलं. बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत काढलंसुद्धा. त्यातल्या चार वेळा ते नसतं तर गाडी तिथेच बसून राहिली असती. दोन वेळा ते असूनही बसली. एकदा माझ्या चुकीमुळे, एकदा डिफरन्शियलच्या (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीच्या) स्वभावामुळे. त्या दोन्ही गोष्टी खाली येतीलच.

गाडी घेतली तेव्हा एकवीस वर्षांची होती. पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन चाकांमधला एकसंध आस), मॅन्युअल गिअर आणि मुख्य गिअरच्या दांडीशेजारी एक बुटकी दांडी: टू-हाय (फक्त मागची चाकं), फोर-हाय (चारही), न्यूट्रल (एकही नाही), फोर-लो (चारही, पण हळू आणि जास्त जोराने). पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक ॲक्सलला जोडणाऱ्या किंवा सुटं करणाऱ्या चकत्या. बटण नाही, सेन्सर नाही, गाडी स्वतःहून काहीच ठरवत नाही. आधीच्या मालकाने ती बुटकी दांडी बहुधा कधी हलवलीच नव्हती. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी ओढली तरी जागची हलेना. खालच्या जोडणीतले बुश साफ करून ग्रीस भरल्यावर आणि आठवडाभर रोज मागे-पुढे केल्यावर ती मोकळी झाली.

आता मुद्द्याचं. अशा गाडीत ट्रान्सफर केस (बुटक्या दांडीखालची, ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे, एकमेकांना सरळ जखडून टाकतो. मध्ये डिफरन्शियल नसतं. म्हणजे फोर-हायमध्ये पुढच्या ॲक्सलला जितके फेरे, तितकेच मागच्याला. सरळ रेषेत चाललंय तोवर ठीक. वळणावर मात्र पुढची चाकं बाहेरच्या, मोठ्या वर्तुळावरून जातात. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये साधारण २.४ मीटर अंतर आहे. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येवर फिरत असेल तर पुढचा साडेपाच मीटरवर. अर्धं वर्तुळ मारलं की मागचा १५.७ मीटर चालतो, पुढचा १७.४. हा पावणेदोन मीटरचा फरक कुठेतरी जिरायला हवा. चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर एखादं चाक किंचित घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या टणक रस्त्यावर चाक घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, जॉइंटमध्ये साठत जातो.

हे मी आधी वाचलेलं होतं. तरीही पहिल्याच महिन्यात केलं. ओल्या शेतातून बाहेर आलो, गाडीने काम चोख केलं होतं, मी खुशीत होतो, आणि दांडी तशीच फोर-हायमध्ये ठेवून पुढे एका काँक्रीटच्या आवारात गाडी वळवायला घेतली. स्टीअरिंग पूर्ण तोडताच गाडी अशी अडखळली की कुणीतरी मागून दोर बांधलाय. टायर कुरकुरले, स्टीअरिंग हातातून परत सरळ व्हायला बघत होतं. लक्षात आलं, दांडी ओढली. हलेना. अजून जोर लावला. तिथे उभे असलेले एक वयस्कर ड्रायव्हर बघत होते. ते जवळ येऊन म्हणाले, ‘जोर नका लावू साहेब, मोडेल. स्टीअरिंग सरळ करा आणि हळूच मागे घ्या.’ चार-पाच मीटर मागे घेतली, खालून एक जाड ‘टक्’ आवाज आला आणि तीच दांडी दोन बोटांनी निघाली. साठलेला ताण सुटला होता, बस.

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. घसरडी जमीन दिसली की तिच्यात शिरायच्या आधी टाकायचं आणि टणक जमीन लागली की पहिल्या वळणाच्या आधी काढायचं. रुतल्यावर टाकायचं म्हणजे छत्री भिजल्यावर उघडण्यातला प्रकार. मागच्या चाकांनी तोवर खड्डे खोदलेले असतात.

टू-हायमधून फोर-हायमध्ये जाताना हब लॉक असतील तर माझी गाडी चालत्या वेगातही दांडी घेते, फक्त सरळ रेषेत, ॲक्सिलरेटर सोडून आणि हळू वेगात. मागचं चाक फिरकत असताना चुकूनही नाही. फोर-लोसाठी मात्र गाडी थांबवायची, क्लच दाबायचा आणि मधल्या न्यूट्रलवर न रेंगाळता दांडी पुढे न्यायची. या न्यूट्रलबद्दल एक इशारा देऊन ठेवतो, कारण नव्या माणसाला हे सुचत नाही: बुटकी दांडी न्यूट्रलला राहिली तर मुख्य गिअर पहिल्यात असला तरी गाडी उतारावर मोकळी असते. गिअरमध्ये टाकून उभी केली, आता कुठे जाते, असं वाटतं. ती जाते. हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

आता हबबद्दल, कारण माझा सगळ्यात लाजिरवाणा प्रसंग त्यांचाच आहे. हब ‘फ्री’ असले की पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी फिरतात. पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट उगाच ओढत बसावे लागत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असे हब नव्हते. युद्धानंतर त्या जीप साध्या रस्त्यांवर आल्या आणि १९४८मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी त्यांच्यासाठी हाताने लॉक होणारे हब बनवायला घेतले. माझ्या चाकांवरच्या चकत्या त्याच कल्पनेच्या. नव्वद अंश फिरवा, आत काहीतरी बसल्याचा आवाज, झालं.

तर झालं असं. आदल्या रात्री पाऊस होणार असं दिसत होतं म्हणून हब लॉक करायला गेलो. गाडी भिंतीला चिकटून उभी होती. डावा हब लॉक केला, उजव्या बाजूला भिंत, म्हटलं उजवा सकाळी करू. सकाळी अर्थातच विसरलो. चढावरच्या चिखलात फोर-हाय टाकलं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, मी निश्चिंत. गाडी अर्ध्यावर थांबली आणि मागची चाकं खाली जायला लागली. बरोबरचा मित्र उतरून बघत म्हणाला, ‘अरे, पुढची फिरतच नाहीयेत!’ मी त्याला दिवा दाखवला. दिवा खोटं बोलत नव्हता. ट्रान्सफर केस खरंच जोडलेला होता, पुढचा शाफ्टही फिरत होता. पण साधं डिफरन्शियल सगळी ताकद सोप्या वाटेने सोडून देतं आणि माझ्या उजव्या हबमधून त्याला पूर्ण मोकळी वाट मिळाली होती. एक हब सुटा म्हणजे पुढचा अख्खा ॲक्सल सुटा. चिखलात गुडघे टेकून चकतीवरचा गाळ काढला, फिरवली आणि गाडी दुसऱ्या प्रयत्नात वर गेली. रुतण्याच्या नोंदीत हा प्रसंग मी ‘माझी चूक’ या रकान्यात लिहिलाय. आता दोन्ही हब मी स्वतः, एकाच फेरीत बघतो. मदतीला कुणी आलं तरी वाटणी करत नाही.

दुसऱ्यांदा रुतलो ते सगळं बरोबर असताना. एक चर तिरका ओलांडत होतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं आणि तीच दोन चाकं मजेत फिरायला लागली. जमिनीवरची दोन्ही गप्प. फोर-व्हील म्हणजे चारही चाकं एकदम ओढतात अशी समजूत असते, माझीही होती. खरं म्हणजे प्रत्येक ॲक्सलवर किमान एका चाकाला ताकद मिळते, आणि ते कुठलं असेल ते जमिनीवर ठरतं. डिफरन्शियल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) असतं तर वेगळी गोष्ट. माझ्या गाडीत नाही. त्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून काढलं. नंतर कळलं की हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर तो दोन-तीन खाचा ओढून हळू ॲक्सिलरेटर दिला की हवेतल्या चाकाला अडथळा येतो आणि थोडी ताकद जमिनीवरच्या चाकाकडे वळते. एका कमी वाईट जागी करून पाहिलं, चाललं. जादू नाही, पण कधीकधी तेवढंच हवं असतं.

वाळूत दांडीपेक्षा टायरमधली हवा महत्त्वाची ठरली. ३० पीएसआयवरून १८वर आणली की तीच गाडी वेगळी वाटते. बाहेर आल्यावर परत भरायला पंप मात्र बरोबर हवा.

फोर-लोबद्दल लोक फार कमी बोलतात आणि मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. इंजिन तितकंच फिरतं, चाकं मात्र सुमारे अडीचपट हळू. सुटे दगड असलेल्या तीव्र उतारावर लो-पहिला टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढून घ्यायचे. पहिल्यांदा हे करताना पोटात गोळा येतो, कारण हात-पाय ब्रेक मागत असतात. गाडी मात्र माणसाच्या चालीने, हलकी घुरघुरत, दगड-दगड तपासत खाली जाते. क्लच दाबला तर सगळा खेळ संपतो, इंजिनाची पकड सुटते आणि गाडी पळते. म्हणून उजव्या पायापेक्षा डाव्याला सांभाळायचं. आणखी एक उपयोग मला उशिरा सापडला: हब फ्री ठेवून दांडी फोर-लोला टाकली की पुढची चाकं सुटी राहतात आणि फक्त मागच्या चाकांना हळू गिअर मिळतो. जड ट्रेलर अरुंद जागेत मागे घेताना, कोरड्या काँक्रीटवर, क्लच न जाळता. सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, तेव्हा पाय हलका ठेवायचा.

एक गोष्ट फोर-व्हील करत नाही: थांबवत नाही. निसरड्यावर गाडी ज्या आत्मविश्वासाने निघते, त्याच आत्मविश्वासाने ब्रेक लागत नाहीत. एवढंच.

देखभालीचं सांगायचं तर यातली निम्मी कामं वापराने नव्हे, न वापराने निघाली. पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं तर दुधट, म्हणजे आत पाणी. गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि हवा घ्यायची नळी बुजलेली असेल तर तो सीलमधून पाणी ओढतो. माझी नळी मातीने गच्च होती. नवी नळी लावून तिचं तोंड बॉनेटखाली उंच नेलं, ऑइल दोनदा बदललं. आता महिन्यातून एकदा हब लॉक करून टू-हायमध्येच आठ-दहा किलोमीटर चालवतो, म्हणजे पुढचे गिअर आणि बेअरिंग ऑइलने माखलेले राहतात. त्या दिवशी खालून किंचित जास्त आवाज येतो, बाकी काही नाही. मध्यंतरी हिरवा दिवा लागेनासा झाला. घाबरलो, पण निघाला ट्रान्सफर केसवरचा गंजलेला स्विच.

सगळ्यात महाग पडलेली चूक टायरची. मागचे दोन टायर झिजले होते, गॅरेजमध्ये ‘दोनच टाका, पुढचे चालतील’ असं सांगितलं आणि मीही मान डोलावली. नव्या टायरवर ८ मिलिमीटर नक्षी, पुढच्यांवर ३ उरलेली. दिसायला क्षुल्लक. ७०० मिलिमीटर व्यासाच्या टायरमध्ये यामुळे व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो आणि दर किलोमीटरला छोटं चाक सुमारे साडेसहा फेरे जास्त मागतं. टू-हायमध्ये काहीच जाणवत नाही. फोर-हायमध्ये मात्र सरळ रस्त्यावरसुद्धा ताण साठायला लागतो, आणि दांडी अडकायला लागली तेव्हा मी दोन आठवडे ट्रान्सफर केसला दोष देत बसलो. शेवटी पुढचेही दोन बदलले, त्याच मापाचे आणि त्याच नक्षीचे. दांडी त्याच दिवशी सुरळीत.

कुणी विचारतं, कायम चारही चाकांवर चालणारी गाडी घ्यायची होती ना. रेंज रोव्हरने १९७०मध्येच मधलं डिफरन्शियल दिलं, १९७७च्या लाडा निवातही ते होतं. त्या गाड्या कोरड्या रस्त्यावरही चारही चाकांवर चालतात, हे सगळं पाळावं लागत नाही. ज्याचा रोजचा रस्ता अर्धा ओला, अर्धा कोरडा, सतत बदलणारा आहे, त्याने तसलीच घ्यावी; पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच टाकायची दांडी त्याच्या डोक्याला ताप होईल. माझा रस्ता ९५ टक्के टणक आहे आणि उरलेला ५ टक्के खरोखर वाईट. तिथे मला ही साधी, जखडणारी, उघडून दुरुस्त करता येणारी रचना पटली.

सध्या ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून थेंब पडतोय. खाली पुठ्ठा ठेवतो, सकाळी नाण्याएवढा डाग. ऑइल दर आठवड्याला बघतोय, सील मागवला आहे. दांडीच्या गोळ्यावरची पुसट अक्षरं मागच्या रविवारी पांढऱ्या रंगाने पुन्हा काढली. न्यूट्रल आणि लोची खूण एकमेकांना जरा चिकटली आहे, पण आता ती बघून दांडी टाकावी लागत नाही.